इको कोणी केला?

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. नियमित व्यायाम करणारा माणूस म्हणून ते प्रसिद्ध होते, त्यामुळे धक्का दुप्पट होता. पुढचे काही दिवस बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत धडधाकट तरुणांच्या रांगा लागल्या. २०२५ च्या जून-जुलैमध्ये तसंच पुन्हा घडलं. हासन जिल्ह्यात सुमारे चाळीस दिवसांत वीसहून अधिक माणसं हृदयविकाराने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि जयदेवच्या बेंगळुरू आणि म्हैसूर, दोन्ही रुग्णालयांत गर्दी उसळली. सरकारने समिती नेमली. मृत्यूंचं प्रमाण नेहमीपेक्षा असामान्य वाढल्याचं तिला आढळलं नाही. दोन्ही वेळी तपासणीच्या खिडकीवरची मागणी मात्र एकच होती: ईसीजी काढा, इको काढा आणि सगळं ठीक आहे असं लिहून द्या.

या मागणीत एक घोळ आहे. हृदयविकाराचा झटका येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांमध्ये गुठळी झाल्यामुळे, आणि साध्या टू-डी इकोत त्या वाहिन्यांमधले अडथळे दिसत नाहीत. इको दाखवतो झडपा, कप्पे, स्नायूंचं आकुंचन आणि रक्ताचा वेग. सत्तर टक्के अरुंद झालेली वाहिनी घेऊन फिरणाऱ्या माणसाचा इको निवांत बसलेला असताना अगदी निर्दोष येऊ शकतो. ‘इको नॉर्मल आहे, म्हणजे ब्लॉकेज नाही’ ही समजूत शिकलेल्या घरांतही घट्ट रुजलेली आहे, आणि आरोग्य तपासणीची पॅकेजं विकणाऱ्यांना ती खोडून काढण्याची घाई नाही.

इको काय दाखवतो याइतकंच तो कोण करतो हेही महत्त्वाचं. बेंगळुरूच्या वायव्येला यशवंतपूर आहे. रेल्वे स्थानक, बाजार समितीचं आवार, तुमकूर रस्त्यावरची अखंड वाहतूक आणि त्या गर्दीतच मोठी खासगी रुग्णालयं. इथलं कोलंबिया एशिया रुग्णालय २०२१ पासून मणिपालच्या ताब्यात आहे. जवळच मत्तिकेरेच्या बाजूला रामय्या वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं हृदयरोग केंद्र आहे. पंढरपूर आणि लातूरच्या गाड्या याच स्थानकातून सुटतात, त्यामुळे रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात मराठी ऐकू आली तर नवल वाटत नाही. अशा कुठल्याही रुग्णालयाच्या माहितीपत्रकात डॉक्टरांच्या नावापुढे पदव्यांची माळ असते आणि खाली एक ओळ: ‘हृदयाच्या प्रतिमांकनात विशेष प्रावीण्य’. स्टेंट बसवणाऱ्याचं काम लोकांना कळतं, बायपास करणाऱ्याचंही कळतं. प्रतिमा काढणाऱ्याचं प्रावीण्य म्हणजे काय? यंत्र तर सगळ्यांकडे आहे. मग तज्ज्ञ वेगळा कशात ठरतो?

या प्रश्नाचं उत्तर या विद्येच्या जन्मकथेतच मिळतं. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाला मायट्रल झडपेची अडचण सतावत होती. झडप अरुंद आहे की गळकी, हे शस्त्रक्रियेपूर्वी खात्रीने कळत नसे, आणि उत्तर चुकलं तर माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाई. त्याने कार्ल हेलमुथ हर्ट्‌झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत असत. दोघांनी ते पाहिलं, मग सीमेन्सचं तसंच एक यंत्र उसनं मिळवलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाची पहिली प्रतिध्वनी-नोंद घेतली. (पुनीत राजकुमार गेले ती तारीखही तीच, हा निव्वळ योगायोग.) त्यात चित्र नव्हतं, नुसती वरखाली होणारी रेघ होती. आणि ती रेघ हृदयाच्या नेमक्या कुठल्या भागाची, याबद्दल खुद्द एडलरचाच अंदाज आधी चुकला. ती डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची आहे असं तो धरून चालला होता. मृतदेहांवर ताडून पाहिल्यावर कळलं की ती मायट्रल झडपेच्या पडद्याची आहे. यंत्र बरोबर होतं, वाचन चुकलं होतं. पुढे १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

नंतरचा विकास वेगाने झाला. अमेरिकेत हार्वी फायगेनबाउम यांनी साठच्या दशकात ही पद्धत नेटाने लावून धरली आणि १९७२ मध्ये तिच्यावरचं पाठ्यपुस्तक लिहिलं. रॉटरडॅमच्या निकोलास बॉम यांनी १९७१ च्या सुमारास अनेक स्फटिक एका ओळीत बसवून हलतं चित्र मिळवलं. रेघेचं चित्र झालं, चित्राला रंग आले, ऐंशीच्या दशकात ध्वनिलहरी सोडणारा प्रोब अन्ननलिकेतून थेट हृदयाच्या पाठीशी नेता येऊ लागला. पण रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी उडी नॉर्वेत पडली. तिथे लिव हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं की रक्ताच्या वेगावरून दाबातला फरक काढता येतो. सूत्र शाळकरी पोराला जमेल असं: वेगाचा वर्ग करा, चारने गुणा. त्याआधी हा आकडा मिळवायला मांडीच्या किंवा हाताच्या वाहिनीतून नळी हृदयात घालावी लागे.

या सूत्रापाशी थोडं थांबायला हवं, कारण प्रावीण्य म्हणजे काय ते इथे आकड्यांत दिसतं. महाधमनीची झडप म्हातारपणी चुन्याने आखडते. तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर झाला की आजार तीव्र मानतात. चाराचा वर्ग सोळा, चोक चौसष्ट, म्हणजे ६४ मिलिमीटर पाऱ्याचा दाबफरक. आता ध्वनीची शलाका रक्ताच्या धारेला समांतर नसून तीस अंशांनी तिरकी लागली असं समजा. यंत्राला वेग दिसेल ३.४६, आणि दाबफरक येईल ४८. यंत्र बिघडलेलं नाही, सूत्रही चुकलेलं नाही, पण तीव्र आजार कागदावर मध्यम झाला. झडप बदलण्याची वेळ आलेल्या आजोबांना सहा महिन्यांनी या असं सांगितलं जाईल. म्हणून जाणकार माणूस फक्त छातीच्या डाव्या बाजूने बघून समाधान मानत नाही. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवतो, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला पेन्सिलीसारखा छोटा, चित्र न दाखवणारा प्रोब लावतो आणि सगळ्यांत जास्त वेग कुठे सापडतो ते कानाने हुडकतो. याला वेळ लागतो. पंधरा मिनिटांत एक इको उरकायच्या जागी तो कोणी देत नाही. अहवालात उजव्या बाजूच्या मोजमापाचा उल्लेख दिसला तर करणाऱ्याने हात आखडता घेतला नाही असं मी समजतो.

दुसरा आकडा तर आता घरोघरी पोचला आहे. ईएफ, म्हणजे डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो. साधारण ५५ ते ७० असेल तर ठीक. लोक तो परीक्षेच्या गुणांसारखा सांगतात: मागच्या वर्षी ६०, यंदा ५५, पाच टक्के घसरलं. खरं तर दोन वेगळ्या माणसांनी, किंवा एकाच माणसाने दोन वेगळ्या दिवशी मोजलं तरी पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. अनुभवी डोळा नुसता बघून अंदाज सांगतो. पद्धतशीर माणूस दोन कोनांतून कप्प्याच्या कडा आखून घेतो. पण शिखर नीट न धरता कप्पा तिरका कापला गेला तर तो आखूड दिसतो आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. कर्करोगाची काही औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करतात, अशा रुग्णाबाबतीत हाच पाच अंकांचा फरक औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवू शकतो. म्हणून तिथे आता स्नायूच्या लांबीतला बदल मोजणारं स्ट्रेन नावाचं मोजमाप वापरतात. ते ईएफच्या आधी इशारा देतं. पण यंत्राच्या प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून दर वेळी त्याच यंत्रावर मोजायचं हे सांगणारा कोणीतरी लागतो.

आता वाहिन्यांकडे वळू. त्यांची चित्रं घेण्याची खरी सुरुवात १९५८ मध्ये क्लीव्हलँडला एका चुकीतून झाली. मेसन सोन्स महाधमनीत रंगद्रव्य सोडणार होते, नळीचं टोक सरकून उजव्या हृद्‌वाहिनीत गेलं आणि सगळं द्रव्य तिच्यातच गेलं. रुग्ण वाचला आणि कोरोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. त्यापूर्वी १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन स्वतःचाच एक्स-रे काढला होता. त्या उपद्व्यापाला १९५६ मध्ये नोबेल मिळालं.

नळी न घालता वाहिन्या दाखवायचं काम सीटीने केलं, पण त्याला बराच काळ जावा लागला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये मेंदू दिसला, कारण मेंदू स्थिर असतो. हृदय एका जागी ठरत नाही. २००४ च्या आसपास ६४ स्लाइसची यंत्रं आली तेव्हा कुठे तीन-चार मिलिमीटरच्या हलत्या वाहिनीत डोकावता आलं. आजही रुग्णाची नाडी साठच्या आसपास आणण्यासाठी आधी गोळी देतात, जिभेखाली नायट्रेट देऊन वाहिन्या रुंदावतात, मूत्रपिंडाचा अहवाल पाहून मगच रंगद्रव्य टोचतात. ही तयारी घाईत उरकली तर चित्र धूसर येतं आणि धूसर चित्रात ब्लॉकेज दिसायला फार सोपं असतं. साठलेलं कॅल्शियम आपल्या आकारापेक्षा मोठं उजळतं आणि अडथळा आहे त्याहून भीषण वाटतो. असा अहवाल हातात पडलेला माणूस रात्रभर झोपत नाही, दुसऱ्या दिवशी नळीची अँजिओग्राफी करून घेतो आणि स्टेंटची गरज नसलेला चाळीस टक्क्यांचा अडथळा घेऊन घरी येतो.

सीटी करावा की नाही यावर दोन मोठे अभ्यास आहेत आणि ते वरवर पाहता एकमेकांशी भांडतात. अमेरिकेतल्या प्रॉमिस अभ्यासात १०,००३ रुग्ण होते. २०१५ मध्ये निष्कर्ष आला की सीटी केलेल्यांत आणि ट्रेडमिलसारख्या चाचण्या केलेल्यांत साधारण दोन वर्षांनी काही फरक नाही. स्कॉटलंडच्या स्कॉट-हार्टमध्ये ४,१४६ रुग्ण होते. २०१८ मध्ये पाच वर्षांचा हिशेब आला: हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका, नेहमीच्या तपासण्यांच्या गटात ३.९ टक्के, सीटीची जोड दिलेल्यांत २.३ टक्के. गंमत अशी की पाच वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांत अँजिओग्राफी आणि स्टेंट-बायपासचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. फरक बहुधा पडला तो औषधांनी. चित्रात वाहिनीच्या भिंतीवरचा थर दिसला आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू केलं, रुग्णानेही ते घेतलं. सीटीचा मोठा उपयोग अडथळा कुठे आहे हे दाखवण्यापेक्षा आजार सुरू झाला आहे की नाही हे सांगण्यात आहे, असं मला यावरून वाटतं. आपल्याकडे मात्र सीटीच्या अहवालाकडे स्टेंटचं निमंत्रणपत्र म्हणून पाहिलं जातं.

कॅल्शियम स्कोअर, म्हणजे वाहिन्यांत साठलेल्या चुन्याची मोजणी, हा सीटीचाच सोपा, रंगद्रव्याशिवायचा भाऊ. आर्थर ॲगॅटस्टन यांनी १९९० मध्ये ही गुणमोजणी मांडली. चाळिशी-पन्नाशीच्या, तक्रार नसलेल्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी का या पेचात असलेल्या माणसाला शून्य स्कोअर खरा दिलासा देतो. पस्तिशीतल्या, छातीत दुखणाऱ्या तरुणाला तोच शून्य फसवू शकतो, कारण कोवळ्या थरात अजून चुना साठलेला नसतो. आपल्या देशात झटके पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात येतात, त्यामुळे हा धोका इथे जास्त.

एमआरआय हे या सगळ्यांत अबोल आणि महागडं साधन. गॅडोलिनियम टोचून काही मिनिटं थांबलं की मेलेला स्नायू उजळ दिसतो. वाहिनी उघडून उपयोग आहे का, की तिच्यापुढचा स्नायू आधीच गेला आहे, हे त्यातून कळतं. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त चढवावं लागतं आणि त्यातलं लोह हृदयात साठतं. ते मोजणारी टी-टू-स्टार पद्धत २००१ मध्ये लंडनहून आली. हे मोजमाप २० मिलिसेकंदांच्या खाली गेलं की लोह साठायला लागलं असं समजतात. हा आजार सिंधी समाजात जास्त आढळतो, त्यामुळे उल्हासनगरसारख्या, सिंधी वस्ती मोठी असलेल्या गावाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणखी एक साधन म्हणजे किरणोत्सारी द्रव्य वापरणाऱ्या चाचण्या. त्यांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

हे सगळं येणारा माणूस घडतो कसा? एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम हृदयरोग आणखी तीन. या तीन वर्षांत विद्यार्थी इको शिकतो, पण त्याचं मन स्टेंट बसवण्याच्या कॅथलॅबमध्ये असतं, आणि त्याला दोष देता येत नाही. नाव आणि पैसा दोन्ही तिथे आहे. प्रतिमांकनाचं खास शिक्षण बहुतेक वेळा नंतरच्या फेलोशिपमधून येतं. रेडिओलॉजीच्या वाटेने येणाऱ्यांसाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या ठिकाणी डीएमचा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेतले निकष आकड्यांत बोलतात: स्वतंत्रपणे इको वाचायचा तर किमान १५० स्वतः केलेले आणि ३०० वाचलेले हवेत, विभाग चालवायचा तर ३०० आणि ७५०. हृदय-प्रतिमांकनाच्या युरोपीय संघटनेच्या प्रमाणपत्राला लेखी परीक्षेसोबत २५० रुग्णांची नोंदवही लागते. जयदेवसारख्या संस्थेत शिकणाऱ्याच्या हाताखालून हे आकडे भराभर जातात. पण नुसती संख्या पुरत नाही. आपण सांगितलेलं शस्त्रक्रियेत खरं निघालं का, हे परत येऊन कळवणारं कोणी असेल तरच डोळा तयार होतो. ज्या रुग्णालयात शल्यविशारद, कॅथलॅबवाला आणि चित्र वाचणारा आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसून भांडतात, तिथले अहवाल वाचताना फरक जाणवतो.

पाटीवरच्या पदव्यांबद्दलही सांगितलं पाहिजे. एफएसीसी, एफईएससी ही अक्षरं वजनदार आहेत, पण ती व्यावसायिक संघटनांचं मानाचं सदस्यत्व दाखवतात. त्यातून कोणी एमआरआय वाचायला शिकला असं ठरत नाही. फेलोशिप हा एकच शब्द मानपत्रालाही लावतात आणि वर्षभराच्या राबणुकीलाही. कुठे, किती महिने, कोणत्या तंत्राची, एवढं विचारलं की दोन्ही वेगळे होतात. यशवंतपूरसारख्या ठिकाणी, जिथे दोन मैलांत तीन-चार हृदयरोग विभाग आहेत, रुग्णाला हे विचारायची मुभा आहे. सोलापूर किंवा बिदरच्या रुग्णाला एवढा पर्याय नसतो.

कायद्याची बाजू विचित्र आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून अमलात आला. हेतूबद्दल दुमत नाही. पण ध्वनिलहरींचं प्रत्येक यंत्र त्याच्या कक्षेत येतं, हृदयाचंही. त्यामुळे इकोचं यंत्र नोंदणी केलेल्या जागेला बांधलेलं राहतं. खिशात मावणारी यंत्रं कितीतरी वर्षांपासून जगात मिळतात. ती घेऊन शाळाशाळांतून संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेली मुलं हुडकता येतील, पण इथे प्रत्येक पावलाला परवानगी लागते. बेंगळुरूत विप्रो-जीई ध्वनिलहरींची यंत्रं तयार करते, फिलिप्सचे अभियंते आपल्या यंत्रांची आज्ञाप्रणाली लिहितात, आणि त्याच राज्यातल्या हासनचा माणूस एका इकोसाठी गाडी पकडून राजधानीत येतो. मुलींच्या जन्माचं प्रमाण बघता कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. हृदयापुरतेच चालणारे प्रोब वेगळे ओळखून त्यांना वेगळा नियम लावणं एवढं अवघड नसावं, इतकंच.

यंत्र आता स्वतःच कडा आखतं, ईएफ काढतं आणि बहुतेक वेळा बरं काढतं. कंटाळवाणी मोजणी त्याच्याकडे जाणं चांगलंच आहे. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने पुनीत राजकुमार यांच्याच नावाने हृदयज्योती योजना सुरू केली. तालुक्याच्या रुग्णालयातला ईसीजी संगणकाच्या मदतीने वाचायचा आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत द्यायचं, अशी ती योजना. ईसीजी कोणीही काढला तरी रेघा बहुतांशी त्याच येतात, म्हणून तो दूरवर पाठवून वाचता येतो. इकोचं तसं नाही. प्रोब धरणाऱ्या हाताने जे टिपलंच नाही ते संगणकाला कुठून दिसणार? तीस अंशांची चूक हाताची असते, आणि संगणक तिच्यावर अत्यंत काटेकोर गणित करून देतो.

राहिला पैशाचा प्रश्न. तपासणी सुचवणारा, करणारा आणि तिच्यावरून उपचार ठरवणारा एकच माणूस असला की प्रामाणिक डॉक्टरचाही तोल ढळू शकतो. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, त्यावर चर्चा झडल्या, कायदा काही झाला नाही. माझ्या मते प्रतिमातज्ज्ञाचा एक मोठा गुण इथेच आहे: तो स्टेंट बसवत नाही. अडथळा सत्तर टक्के निघाला काय आणि पस्तीस निघाला काय, त्याच्या कमाईत फारसा फरक पडत नाही. ‘ही तपासणी तुम्हाला नको’ हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तर ती सर्वांत भरवशाची पात्रता समजावी.

रुग्णाच्या हाती एक साधी गोष्ट उरते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. फाइलमध्ये आपल्याला मिळतं ते छापील पान आणि गुळगुळीत कागदावरची चार गोठलेली चित्रं. त्यावरून दुसरा डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही, म्हणून तो नवा इको करायला सांगतो आणि खर्च दुप्पट होतो. हलती चित्रं रुग्णालयाच्या संगणकात असतात. सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर ती मागून घ्यावीत, तपासणीच्या दिवशीच, कारण काही ठिकाणी ती काही महिन्यांनी पुसली जातात. आणि अहवालाच्या तळाशी सही कोणाची आहे ते पाहताना प्रोब कोणाच्या हातात होता हेही विचारावं. बऱ्याच ठिकाणी ही दोन वेगळी माणसं असतात आणि कागदावर नाव एकाचंच छापलेलं असतं.